सामाईक फलक



आजच्या भाषणाचा विषय आहे डॅशबोर्ड. पण मोटारींतला नव्हे. बँकांचे व्यवहार, रेल्वेचीं तिकिटें, रुग्णालयांतील नोंदी, किंबहुना आपला घरगुती पत्रव्यवहार देखील आज ज्या संगणकांच्या जाळ्यावर चालतो, त्या जाळ्याची नाडी अहोरात्र पाहत बसणारीं माणसें ज्या फलकावर नजर ठेवून असतात, त्या फलकाविषयीं मला बोलावयाचें आहे. हा शब्द मूळचा घोडागाडीचा. धांवत्या घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल गाडींत बसणाऱ्याच्या अंगावर येऊं नये म्हणून पुढें जी फळी लावीत, ती डॅशबोर्ड. पुढें मोटार आली, घोडा गेला, चिखलही बराचसा गेला. फळी मात्र राहिली आणि तिच्यावर वेगाचे व तेलाचे कांटे बसले. आतां मोटारही गेली असून कांटे तेवढे उरले आहेत. चिखल अडविणाऱ्या फळीकडे सत्य दाखविण्याचें काम यावें, हा शब्दांच्या इतिहासांतला एक गमतीचा योग म्हटला पाहिजे. परंतु हें नवें काम ती नेहमींच नीट करते असें नाहीं. कधीं कधीं तर ती आपला जुना धर्म आठवते आणि पलीकडचें कांहींच दिसूं देत नाहीं.

फलकासमोर बसणाऱ्या या माणसांना त्यांच्या धंद्यांत ‘रिलायबिलिटी इंजिनियर’ म्हणतात. गूगल कंपनींत २००३ सालीं बेन ट्रेनर स्लॉस यांनीं अशा इंजिनियरांचें पथक उभें केलें, आणि २०१६ सालीं त्या पथकाच्या अनुभवांचें पुस्तक निघाल्यावर हें नांव सर्वत्र रूढ झालें. नांव नवें असलें तरी काम जुनेंच, म्हणजे पहाऱ्याचें. फरक एवढाच कीं, वेशीवरच्या पहारेकऱ्याला वेस दिसत असे. पुण्याच्या हिंजवडींत रात्रपाळीला बसलेल्या इंजिनियराला ज्या यंत्राची राखण करावयाची, तें यंत्र व्हर्जिनियांत किंवा आयर्लंडांत असतें. त्याला दिसतो तो फलक. फलकावर जें नाहीं तें त्याच्या लेखीं घडलेलेंच नसतें.

या फलकांचा आरंभ फार साधा होता. १९९४ सालीं टोबियास ओटिकर हे स्विस तंत्रज्ञ ज्या ठिकाणीं काम करीत होते, तेथें बाहेरच्या जगाशीं जोडणारी एकच तार होती. तिची क्षमता सेकंदाला ६४ हजार बिट, म्हणजे आजच्या मानानें अगदींच क्षुल्लक. आणि ती किती भरली आहे हें जाणण्याची उत्सुकता मात्र सर्वांनाच. ओटिकर यांनीं तारेवरील रहदारीचा आलेख काढून तो कोणालाही पाहतां येईल अशा पानावर सतत ताजा ठेवणारा एक लहानसा कार्यक्रम लिहिला, आणि १९९५ च्या वसंत ऋतूंत तो एमआरटीजी या नांवानें बाहेर पडला. हा आलेख पहिल्या दिवसापासून सामाईक होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तक्रार करणारा व तक्रार ऐकणारा हे दोघेही एकाच चित्रासमोर उभे राहूं शकत. पुढें साधनें वाढत गेलीं. बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनींत २०१२ सालीं प्रोमिथियस नांवाची मापन-व्यवस्था सुरू झाली. २०१४ सालीं टॉर्केल ओडेगार्ड या स्वीडिश इंजिनियरानें ग्राफाना हें आलेख मांडण्याचें साधन लोकांपुढें ठेवलें. आज पंधरा मिनिटांत कोणीही एक फलक उभा करूं शकतो, आणि म्हणून प्रत्येकजण करतोच. मोठ्या कंपन्यांत असे फलक शेकड्यांनीं असतात. त्यांपैकीं पुष्कळांचा कर्ता नोकरी सोडून गेलेला असतो, आणि त्यावरची अमुक रेघ काय दाखविते हें सांगणारें कोणी उरलेलें नसतें.

फलकांचा असा सुकाळ झाला म्हणून चित्र सामाईक होत नाहीं. या दोहोंतला फरक किती महाग पडूं शकतो, हें १४ ऑगस्ट २००३ रोजीं उत्तर अमेरिकेनें अनुभवलें. त्या दिवसाची हकीकत मी जरा विस्तारानें सांगणार आहें. कारण ती विजेची म्हणून प्रसिद्ध असली तरी निम्मी अधिक ती सॉफ्टवेअरची व फलकाची आहे.

ओहायो राज्यांतील फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षांत बसलेले अधिकारी दूरदूरच्या विद्युद्वाहिन्यांची स्थिति संगणकाच्या पडद्यावर पाहत असत. वाहिनी तुटली किंवा भार मर्यादेबाहेर गेला, कीं संगणक इशारा देई. त्या दिवशीं दुपारीं २ वाजून १४ मिनिटांनंतर थोड्याच वेळांत हा इशारे देणारा कार्यक्रम मुका झाला. पुढील तपासांत असें आढळलें कीं, दोन प्रक्रियांनीं एकाच क्षणीं एकाच नोंदीवर हात टाकला होता, आणि त्या गोंधळांत इशाऱ्यांचा कार्यक्रम घाण्याच्या बैलासारखा एकाच फेऱ्यांत फिरत राहिला. तो सरळ बंद पडला असता तर बरें झालें असतें; बंद पडलेली वस्तु निदान कळून येते. हा चालूच होता, फक्त बोलत नव्हता. समोरचा पडदा शांत होता. आणि पडदा शांत तर जाळें शांत, ही अधिकाऱ्यांची अनेक वर्षांची संवय होती.

न निकालांत निघालेल्या इशाऱ्यांचा ढीग सांचत जाऊन २ वाजून ४१ मिनिटांनीं मुख्य सर्व्हर पडला. त्याचें काम आपोआप राखीव सर्व्हरकडे गेलें, रोगही त्याच्याबरोबर गेला, आणि २ वाजून ५४ मिनिटांनीं तोही पडला. एरवीं एक ते तीन सेकंदांत ताजा होणारा पडदा आतां ५९ सेकंदांपर्यंत वेळ घेऊं लागला. सर्व्हर पडल्याची वर्दी गेली खरी. पण ती गेली संगणक-विभागाकडे. त्या लोकांनीं आपल्या परीनें काम चोख केलें. ३ वाजून ८ मिनिटांनीं यंत्र पुन्हां सुरू झालें आणि तें चालू असल्याचें पाहून त्यांचें समाधान झालें. इशारे पुन्हां येऊं लागले आहेत काय, हें त्यांनीं नियंत्रणकक्षाला विचारलें नाहीं. आणि इशारे बंद आहेत हें नियंत्रणकक्षाला ठाऊकच नसल्यामुळें त्यानें विचारण्याचा प्रश्न नव्हता.

इकडे बाहेर उन्हाळ्यांतल्या भारानें तारा तापून खालीं झोळत होत्या आणि वाहिन्यांखालचीं वाढलेलीं झाडें त्यांना टेंकत होतीं. ३ वाजून ५ मिनिटांनीं ३४५ किलोव्होल्टची पहिली वाहिनी तुटली, ३ वाजून ३२ मिनिटांनीं दुसरी, ३ वाजून ४१ मिनिटांनीं तिसरी. यांपैकीं एकही वाहिनी आपल्या पूर्ण क्षमतेनें भरलेली नव्हती. पहिली तर निम्मीही नव्हती. शेजारच्या कंपन्यांना हें दिसत होतें, निदान अर्धवट दिसत होतें. त्यांतील एईपी या कंपनीनें २ वाजून ३२ मिनिटांनींच दूरध्वनीवरून विचारलें होतें कीं, आपल्या दोघांना जोडणारी वाहिनी क्षणभर तुटून पुन्हां जोडली गेल्याचें आमच्याकडे दिसतें, तुमच्याकडे काय दिसतें? उत्तर मिळालें, आमच्याकडे तसें कांहीं नाहीं. उत्तर देणारा खोटें बोलत नव्हता. त्याच्या फलकावर खरोखरच कांहीं नव्हतें. ४ वाजून ५ मिनिटें ५७ सेकंदांनीं आणखी एक मोठी वाहिनी तुटली आणि तेथून पुढें गोष्ट माणसांच्या हातांत राहिली नाहीं. कांहीं मिनिटांतच अमेरिकेच्या आठ राज्यांतील व कॅनडाच्या ऑन्टेरियो प्रांतांतील मिळून सुमारें पांच कोटी लोक विजेवांचून राहिले. न्यू यॉर्कच्या भुयारी गाड्या जागच्या जागीं थांबल्या.

चौकशी-मंडळानें २००४ सालच्या अहवालांत कंपनीचे इतरही दोष दाखविले आहेत. झाडें वेळेवर छाटलीं नव्हतीं हा त्यांतलाच एक. मला येथें एकच गोष्ट उचलावयाची आहे. नियंत्रणकक्ष, संगणक-विभाग व शेजारची कंपनी असे तिघेजण एकाच जाळ्याकडे तीन निरनिराळ्या खिडक्यांतून पाहत होते. तीं तीन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं असतीं, तर त्यांतील एक चित्र मेलेलें आहे हें दोन मिनिटांत उघड झालें असतें. सामाईक फलकाचें महत्त्व सांगतांना लोक म्हणतात, सर्वांना एकच चित्र दिसतें. मी त्याच्या पुढें जाऊन म्हणेन कीं, तें चित्र खोटें असल्यास तसें सांगण्याची संधि अनेकांना मिळते, हा त्याचा अधिक मोठा उपयोग आहे.

आगगाडीच्या जुन्या हाताच्या सिग्नलची रचना ज्यांनीं पाहिली असेल त्यांना येथें एक गोष्ट आठवेल. तो हात खालीं आणणारी तार तुटली, तर वजनाच्या ओढीनें हात आपोआप आडवा, म्हणजे धोक्याच्या स्थितींत, येत असे. यंत्र बिघडलें तर त्यानें ‘थांबा’ म्हणावें, हा नियम रेल्वेच्या इंजिनियरांनीं शतकापूर्वींच रक्ताची किंमत देऊन शिकून घेतला. संगणकाच्या फलकांवर पुष्कळदां याच्या नेमकें उलट घडतें. मापनाचे आकडे येणें थांबलें, कीं ‘गेल्या पांच मिनिटांतील चुका’ या चौकटींत शून्य दिसूं लागतें, आणि शून्याचा रंग हिरवा ठरविलेला असतो! चुका मोजणारा मेला म्हणून चुका संपल्या, असा हा न्याय आहे. यावर शहाण्या पथकांनीं एक मौजेचा उपाय काढला आहे. ते एक इशारा मुद्दाम अहोरात्र वाजत ठेवतात. त्याला ‘वॉचडॉग’, म्हणजे राखणीचा कुत्रा, म्हणतात. दुसऱ्या जागीं बसविलेली एक स्वतंत्र व्यवस्था तो आवाज ऐकत असते आणि आवाज थांबला कीं माणसाला उठविते. कुत्रा भुंकल्यामुळें नव्हे, तर गप्प बसल्यामुळें घर जागें होतें.

गप्प बसण्याचें दुसरें एक उदाहरण सांगतों. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनियराकडून मुख्य माहितीसंचच पुसला गेला. अशा प्रसंगासाठीं रोज प्रति काढण्याची योजना होती. पाहूं गेल्यावर असें आढळलें कीं, प्रति ठेवण्याची जागा रिकामी आहे. प्रति काढणारा कार्यक्रम माहितीसंचाच्या आवृत्तीशीं जुळत नसल्यामुळें रोज अपयशी होत होता, आणि त्या अपयशाचीं पत्रें टपाल-व्यवस्थेनें स्वाक्षरीच्या नियमाखालीं नाकारल्यामुळें कोणाच्याच हातीं पडत नव्हतीं. एका इंजिनियरानें दुसऱ्याच कामासाठीं सुमारें सहा तासांपूर्वीं काढलेली एक प्रति हातीं लागली म्हणून बाकीचें वांचलें. सहा तासांचें काम गेलें. त्या कंपनीचें एक कौतुक केलें पाहिजे. दुरुस्ती चालू असतांना आपलीं टिपणें तिनें जगाला उघडीं ठेवलीं आणि काम करणाऱ्या माणसांचें थेट प्रक्षेपणही केलें. पण ‘शेवटची चांगली प्रति केव्हांची’ एवढा एकच आकडा आधीं सर्वांच्या फलकावर असता, तर त्या कौतुकाची वेळच आली नसती.

आतां फलकावर काय मांडावें हा प्रश्न. गूगलच्या ज्या पुस्तकाचा मीं मघाशीं उल्लेख केला, त्यांत चार गोष्टी सांगितल्या आहेत: उत्तर द्यावयाला लागणारा वेळ, येणाऱ्या मागण्यांची संख्या, फसलेल्या मागण्यांचें प्रमाण, आणि यंत्रणा किती भरत आली आहे तें. यादी पाठ करणें सोपें आहे. मेख आहे ती कोणता आकडा घ्यावा यांत. सरासरी हा मोठा गोडबोल्या साक्षीदार आहे. समजा, शंभर मागण्यांपैकीं पंचाण्णवांना पंचमांश सेकंदांत उत्तर मिळालें आणि पांचांना दहा दहा सेकंद ताटकळावें लागलें. सरासरी येते ०.६९ सेकंद, फलक समाधानी. पण दर विसांतला एक माणूस दहा सेकंद तोंडाकडे पाहत उभा आहे, त्याचा या सरासरींत मागमूसही नाहीं. म्हणून जाणते लोक सरासरी टाकून ‘शंभरांतील सर्वांत मागे राहिलेल्या पांचांना, किंवा एकाला, किती वेळ लागला’ हें मांडतात.

आणि हा आकडा कोठें उभें राहून मोजावयाचा? आपल्या सर्वांच्या हातांतलें उदाहरण घेऊं. मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें २०१६ सालीं सुरू केलेल्या यूपीआयमधून दादरच्या बाजारांत आपण भाजीवाल्याला चाळीस रुपये देतों. ते पैसे आपलें ॲप, त्या ॲपची बँक, कॉर्पोरेशनची मध्यवर्ती यंत्रणा, आपली बँक व भाजीवाल्याची बँक, इतके उंबरठे ओलांडतात. प्रत्येक उंबरठ्यावर एक पथक आहे आणि एक फलक आहे. पांचही फलक हिरवे असून गाडीवरचा तो बोलका डबा गप्प राहूं शकतो. कारण व्यवहार अडतो तो दोन उंबरठ्यांच्या मधल्या अंगणांत, आणि अंगण कोणाच्याच फलकावर नसतें. भाजीवाला पिशवी हातांतून सोडीत नाहीं, गिऱ्हाईक ‘माझ्याकडून गेले’ असें शपथेवर सांगतें, आणि दोघेही खरें बोलत असतात.

१२ एप्रिल २०२५ रोजीं ही यंत्रणा कांहीं तास अडखळली. कॉर्पोरेशनच्या पाहणींत कारण निघालें तें असें कीं, कांहीं बँकांच्या यंत्रणा ‘अमुक व्यवहार पुरा झाला काय?’ हा प्रश्न, जुन्या व्यवहारांबद्दल देखील, मध्यवर्ती यंत्रणेला पुन्हां पुन्हां विचारीत राहिल्या. आणि त्या प्रश्नांच्या लोंढ्याखालीं मूळ कामच गुदमरलें. विचारणारीं यंत्रें होतीं, परंतु स्वभाव आपल्या ओळखीचा आहे. घरांत कोणी आजारी पडलें कीं प्रत्येक नातेवाईक डॉक्टरांना स्वतंत्रपणें गांठून तोच प्रश्न विचारतो, आणि डॉक्टरांना रोग्याकडे पाहावयाला सवड राहत नाहीं. दारावर एक पाटी लावली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. कॉर्पोरेशन बँकवार आकडे दरमहा प्रसिद्ध करतें, आणि त्यांत तांत्रिक बिघाडानें फसलेले व्यवहार व खात्यांत पैसे नसणें किंवा गुप्तांक चुकणें अशा कारणांनीं फसलेले व्यवहार वेगळे दाखवितें, ही चांगली गोष्ट आहे. पण मासिक आकडा हिशेबाला पुरतो. पहाऱ्याला पुरत नाहीं.

सामाईकपणाच्या आणखी कांहीं लहान दिसणाऱ्या अटी आहेत. त्यांतील वेळेची अट परदेशांशीं काम करणाऱ्या आपल्या मंडळींना विशेष जाणवते. ग्राफानासारखें साधन मुद्दाम सांगितलें नाहीं तर पाहणाऱ्याच्या स्थानिक वेळेनें आलेख दाखवितें. पुण्याचा इंजिनियर म्हणतो, साडेदहाला रेघ उसळली. लंडनचा सहकारी साडेदहाच्या रेघेकडे पाहतो आणि म्हणतो, येथें तर कांहीं नाहीं. दोघेही एकाच फलकासमोर बसून दोन निरनिराळ्या प्रसंगांबद्दल वाद घालीत असतात. सर्वांनीं एकच जागतिक वेळ धरावी, म्हणजे पुण्याच्या रात्रीं साडेदहाला १७ वाजले असें लिहावें, एवढा साधा नियम मोठमोठीं पथकें पहिल्या फजितीनंतरच करतात. तसेंच, नवी आवृत्ति कोणीं केव्हां चढविली याची उभी खूण आलेखावरच असावी. अर्ध्या रात्रीं उठलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ‘काय बदललें?’ हाच असतो, आणि त्याचें उत्तर त्याला दुसऱ्या पथकाच्या झोंपलेल्या माणसाकडून मिळवावें लागूं नये.

इशाऱ्यांच्या संख्येविषयीं एकच सांगतों. २८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेंत थ्री माइल आयलंड येथील अणुवीज-केंद्रांत अपघात झाला, तेव्हां पहिल्या कांहीं मिनिटांतच शंभरांहून अधिक इशारे एकदम पेटले होते, आणि त्यांतून कामाचा कोणता तें कोणालाच निवडतां आलें नाहीं. शिवाय ज्या झडपेंतून पाणी वाहून जात होतें, तिचा दिवा झडप मिटली आहे असें सुचवीत होता. वस्तुतः तो दिवा फक्त ‘मिटण्याचा हुकूम गेला’ एवढेंच सांगणारा होता. हुकूम गेला आणि काम झालें यांतला फरक फलक बनविणाऱ्यानें विसरावयाचा नसतो. आजही ‘संदेश पाठविला’ या चौकटीचा अर्थ ‘संदेश पोंचला’ असा वाचणारे इंजिनियर थोडे नाहींत. भिंतभर पसरलेले जे भव्य पडदे आपण छायाचित्रांत पाहतों, ते माझ्या मतें बहुतांशीं पाहुण्यांसाठीं असतात. काम होतें तें दहाबारा रेघांच्या एका पानावर, जिच्यापुढें कोण उठणार तें नांवानिशीं ठरलेलें आहे अशा रेघांवर.

शेवटीं फलक कोठें उभा करावा, याविषयीं. २८ फेब्रुवारी २०१७ रोजीं ॲमेझॉन कंपनीच्या उत्तर व्हर्जिनियांतील एस-थ्री या साठवण-सेवेंत एका कर्मचाऱ्याकडून आज्ञा देतांना एक आंकडा चुकला आणि ठरल्याहून कितीतरी अधिक सर्व्हर काढले गेले. तेथील वेळेप्रमाणें नव्हे, पण कंपनी ज्या पॅसिफिक वेळेनें निवेदन देते तिच्याप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३७ मिनिटांपासून दुपारीं १ वाजून ५४ मिनिटांपर्यंत ही सेवा कोलमडलेली होती, आणि तिच्यावर विसंबून असलेलीं अगणित संकेतस्थळें तिच्याबरोबर. ग्राहक कंपनीच्या जाहीर स्थिति-फलकाकडे धांवले. फलकावर सर्व सेवा सुरळीत दिसत होत्या. तो फलक बदलण्याचें साधन स्वतःच एस-थ्रीवर अवलंबून होतें; त्यामुळें सकाळीं ११ वाजून ३७ मिनिटांपर्यंत, म्हणजे पूर्ण दोन तास, कंपनीला आपल्या फलकावरचा हिरवा रंग पुसतां आला नाहीं. तोंपर्यंत तिनें ट्विटरवरून व फलकाच्या माथ्यावर एक ओळ लिहून लोकांना खबर दिली. त्यानंतर तें साधन एकाहून अधिक प्रदेशांतील यंत्रांवर चालेल अशी व्यवस्था कंपनीनें केली.